सुटण्यासाठी बसवलेला आरसा

एप्रिल सरत आला आणि पारा ४३-४४च्या खाली उतरायचं नाव घेईनासा झाला, की नागपुरात मोटारींच्या काचा बसवणाऱ्यांकडे एक बारीकसं काम वाढतं. माणूस दुपारी ऑफिसातून खाली येतो, उन्हात उभ्या गाडीचं दार उघडतो, तर आतला आरसा गिअरपाशी पडलेला असतो. कुणाचा धक्का लागलेला नाही, कुणी ओढलेला नाही. आरशाची काच शाबूत आहे, दांडी शाबूत आहे. समोरच्या काचेवर रुपयाच्या नाण्याएवढा पिवळट डाग तेवढा उरलेला असतो. माणूस आरसा पिशवीत घालून काचवाल्याकडे जातो. काही जण वाटेत किराणा दुकानातून झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी घेतात आणि गाडीत बसल्या बसल्याच आरसा लावून टाकतात. तेही शेवटी काचवाल्याकडेच येतात, फक्त उशिरा येतात, आणि कधी कधी समोरच्या काचेचं दुखणंही सोबत आणतात.

टायर, ब्रेक, बॅटरी यांच्या बाबतीत आपण चार ठिकाणी चौकशी करतो. आतल्या आरशाच्या बाबतीत ‘काय, चिकटवायचाच तर आहे’ असं म्हणून मोकळे होतो. या कामाकडे बघण्याची ही रीत मला धोक्याची वाटते. हा आरसा किती घट्ट धरायचा, कधी सुटायचा, कुठे टांगायचा आणि त्यात कोणती काच असायची, यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी मोजूनमापून ठरवलेली आहे. बदलताना त्यातलं एक जरी सुटलं, तरी आरसा नुसता शोभेला उरतो.

आरसा पडतो का, हे आधी पाहू. आजच्या बहुतेक गाड्यांत तो थेट काचेला चिकटवलेला नसतो. काचेला एक छोटं धातूचं बटण चिकटवलेलं असतं आणि आरशाची दांडी त्या बटणावर अडकते. (जुन्या अनेक गाड्यांत आरसा छताच्या पुढच्या पट्टीला स्क्रूने बसवलेला असायचा. तिथे हा प्रश्नच नव्हता.) पडतं ते बटण. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. समोरची काच तिरकी असल्यामुळे ऊन तिच्यावर जवळजवळ सरळ पडतं, आणि बटणामागे काळा पट्टा असेल तर तो भाग आणखी तापतो. तापल्यावर काच आणि धातू दोन्ही फुगतात, पण सारखे फुगत नाहीत. बटण जस्ताच्या मिश्रधातूचं असेल तर ते काचेच्या जवळजवळ तिप्पट पसरतं. मग आपण गाडीत बसतो आणि एसीचा झोत काचेवर सोडतो. दोन्ही आकसतात, पुन्हा वेगवेगळ्या मापाने. ही ओढाताण रोजची, आणि ती सोसायची कुणी, तर मधल्या कागदाएवढ्या पातळ डिंकाच्या थराने. त्यात दांडीच्या टोकाला लटकणारं आरशाचं वजन आणि रस्त्यावरचे खड्डे. कारखान्यातलं चांगलं काम हे वर्षानुवर्षं सोसतं. पण एकदा कडेने हवा शिरली, की थर हळूहळू आत सुटत जातो.

किराणा दुकानातला झटपट डिंक इथेच हरतो. तो सेकंदात पकडतो हे खरं. पण वाळल्यावर तो कडक आणि ठिसूळ होतो, त्याला फुगण्या-आकसण्याबरोबर हलता येत नाही, आणि ७०-८० अंशांच्या आसपास त्याची पकड ढिली पडू लागते. घरातलं दुसरं आवडतं औषध म्हणजे दोन नळ्यांतून काढून कालवायचं इपॉक्सी. त्याची तऱ्हा उलटी. ते फार धरतं. पुढे कधी बटणाला झटका बसला, तर डिंक सोडत नाही आणि काचेचाच टवका निघतो. मग काही शे रुपयांच्या आरशापायी हजारोंची समोरची काच बदलायची वेळ येते.

वर्धा रोडवरच्या एका दुकानात हे काम नीट पाहायला मिळालं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, वाळ्याच्या ताट्या लावलेला एक मोठा कूलर, आणि दारात कडुनिंब. काम चालतं ते कडुनिंबाखाली. काचवाले भाऊ पन्नाशीचे. उन्हातून आलेल्या गाडीला ते लगेच हात लावत नाहीत. दारं उघडून ती सावलीत उभी करून ठेवतात. गाडीवाल्याने घाई केली तर एवढंच म्हणतात, “काच तापून राहिली जी. थंडी होऊ द्या थोडी.” काच तापलेली असली की डिंक नीट बसायच्या आतच आवळतो. थंडीत याच्या उलट, काच फार गार असेल तर तो धरत नाही. डिसेंबरातल्या सकाळी ते काच आतून कोमट करून घेतात, हेअर ड्रायरने, लांबून.

गाडी निवली की ते आत न शिरता आधी बाहेर उभे राहतात. मेणाचा खडू घेऊन काचेवर बाहेरच्या बाजूने, जुन्या डागाच्या बरोबर वर, अधिकची खूण करतात आणि डागाची कड आखून घेतात. आतला डाग एकदा खरवडला की जागा हरवते, म्हणून खूण बाहेर. डागच उरला नसेल, तर दोन्ही कडांपासून मापपट्टीने मधलं अंतर काढतात. बटणाची कोणती बाजू वर येते हे बोटाने चाचपून पाहतात, कारण उलटं चिकटलं तर दांडी त्यावर बसतच नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मग ब्लेड. काचेला जवळजवळ आडवं धरलेलं, एकाच दिशेने ढकललेलं. जुना डिंक सालीसारखा उठतो. बोटाच्या टोकाला काही लागेनासं झालं, की स्पिरिटमध्ये भिजवलेला फडका. घरात खिडक्या पुसायला वापरतो तो फवारा ते इथे वापरू देत नाहीत, कारण तो पुसून झाल्यावरही पातळ पापुद्रा मागे ठेवतो आणि डिंक मग काचेला न धरता त्या पापुद्र्याला धरतो. बटणाची पाठ बारीक पॉलिश पेपरवर घासून उजळ केली जाते. इथून पुढे त्या पाठीला बोट लागत नाही. घामट बोटाचा एक ठसा एवढं काम वाया घालवायला पुरतो.

आरशासाठीचा डिंक दोन भागांत येतो. एक पातळ द्रव आधी लावायचा, तो डिंक आवळायला लावतो. तो वाळू द्यायचा. मग बटणाच्या मधोमध डिंकाचा एक थेंब, एकच. या डिंकाचं वैशिष्ट्य असं, की तो हवेत आवळत नाही. धातू आणि काच यांच्यामध्ये दाबला गेला, हवा तुटली, की मगच तो घट्ट होतो. म्हणून जाड थर दिला तर मजबुती वाढत नाही, उलट मधला भाग ओलाच राहतो. हे न कळल्यामुळेच बहुतेक घरगुती प्रयत्न फसत असावेत. आपल्याला वाटतं, डिंक जितका जास्त तितकी पकड जास्त. भाऊंनी खुणेवर बटण टेकवलं, अंगठा ठेवला आणि मिनिटभर तसेच थांबले. अंगठा जराही सरकला नाही.

इतकं होईपर्यंत गाडीवाल्या बाई निघायच्या तयारीत होत्या. त्यांना त्याच संध्याकाळी अमरावतीला जायचं होतं.

“आता आरसा टांगून द्या ना भाऊ.”

“नाही ताई. बटन बसलं आज. आरसा उद्या सकाळी.”

“अहो, पण मला रात्री जायचंय.”

“आज बाजूच्या आरशांवर सावकाश जा, नाहीतर उद्या निघा. आज टांगला, तर परवा माह्याकडेच येसान.”

पंधरा-वीस मिनिटांनी आरसा टांगला तरी चालतं, असं या डिंकांच्या पाकिटांवर लिहिलेलं असतं. भाऊ ते मानत नाहीत. नागपूरच्या उन्हाचा त्यांचा अनुभव पाकिटापेक्षा मोठा आहे, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. रात्रभर गेली तर बिघडत काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी आरसा चढवतानाची कसरत वेगळी. काही दांड्या वरून खाली सरकवून बारीक स्क्रूने आवळायच्या असतात. काही बटणावर ठेवून पाव फेरा फिरवायच्या असतात. काहींत आतून स्प्रिंगची पट्टी असते. काढताना हीच माहिती नसली की घात होतो. फिरवून काढायचा आरसा कुणी खाली ओढतो, खाली सरकवायचा कुणी पिळतो, आणि काचेला चंद्रकोरीसारखा तडा जातो. स्क्रूचंही तसंच. तो गरजेपेक्षा जास्त आवळला तर काचेवर भार येतो. एलन कीला फार जोर लावायचा नाही, दांडी हलायची थांबली की हात थांबवायचा.

आता साहजिक प्रश्न असा, की एवढी उठाठेव करण्यापेक्षा आरसा कायमचा पक्का का बसवत नाहीत? याचं उत्तर डोक्यात आहे, म्हणजे अक्षरशः आपल्या डोक्यात. गाडी कशावर तरी आदळली आणि पट्टा लावलेला नसेल, तर पुढच्या माणसाचं कपाळ ज्या गोष्टींवर जाऊन आपटतं त्यांत हा आरसा असतो. तो खांबासारखा पक्का असता तर त्याने कवटी फोडली असती. म्हणून तो ठरलेल्या जोराला वाकला, दुमडला किंवा सुटलाच पाहिजे, अशी सक्ती आहे. अमेरिकेचा नियम हा जोर ९० पौंड धरतो, म्हणजे सुमारे ४१ किलो. युरोपातून आलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या ४६ क्रमांकाच्या नियमात तर यासाठी लंबक आहे. त्याच्या टोकाला रबर चढवलेला १६५ मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो, साधारण माणसाच्या डोक्याच्या मापाचा. तो आरशावर सोडतात, आणि आदळल्यानंतर तो पुढे किती झुलतो हे मोजतात. आरसा तुटलाच, तर मागे उरलेला बुंधा एक सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे आलेला चालत नाही. भारतातही आरशांसाठी एआयएस-००१ हे वेगळं मानक आहे.

म्हणजे खड्ड्यांत थरथरू नये इतका पक्का आणि कपाळ आपटलं तर सुटेल इतकाच पक्का, या दोन टोकांमधली जागा त्या थेंबभर डिंकाने आणि दांडीतल्या सांध्याने सांभाळायची असते. कुणी मोठ्या विश्वासाने आरसा इपॉक्सीत बुडवून बसवतो किंवा पत्र्याची पट्टी घालून आवळतो, तेव्हा तो ही जागा बुजवून टाकतो. मला हे सगळ्यात जास्त खटकतं, कारण करणाऱ्याला वाटत असतं की आपण गाडी मजबूत केली.

आरसा थरथरू नये ही अट आरशाइतकीच जुनी आहे. मोटारीत आरसा मुळात नव्हताच. लंडनच्या डोरोथी लेव्हिट या शर्यतीत गाड्या चालवणाऱ्या बाईंनी १९०९मध्ये ‘द वुमन अँड द कार’ हे बायकांसाठी मोटार शिकवणारं पुस्तक लिहिलं. त्यात, गाडीत दांडीचा छोटा हातआरसा ठेवा आणि रहदारीत मधूनमधून तो उंच धरून मागचं पाहा, असा सल्ला आहे. दोनच वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसायचा, आणि मागून कोण येतंय हे सांगणं त्याच्याकडे असायचं. रे हॅरून हा एकटाच, एका सीटची ‘मार्मन वास्प’ घेऊन उतरला. बाकीच्यांनी तक्रार केली की हा मागचं बघणार कसा. त्याने गाडीवर चौकट उभारून आरसा बसवला. ही कल्पना त्याला १९०४मध्ये शिकागोत एका घोडागाडीवर आरसा पाहून सुचली होती. सहा तास बेचाळीस मिनिटांत शर्यत पूर्ण होऊन तो जिंकला, आणि आरशाचं नाव झालं. पुढे त्यानेच सांगून टाकलं, की विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका हादरत होता की त्यात काही दिसत नव्हतं. १९२१मध्ये एल्मर बर्गर याने ‘कॉप-स्पॉटर’ या नावाने आरसे विकायला काढले. मागे लागलेला पोलीस आधी दिसावा, हा त्याचा विक्रीचा मुद्दा.

हॅरूनचा सरासरी वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर होता. समृद्धी महामार्गावर मोटारींना आज नेमकी तेवढीच मर्यादा आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. त्या रस्त्यावर रात्री गाडी चालवली, की आरशातल्या काचेचं महत्त्व कळतं. सरळसोट रस्ता, मागून वर टाकलेल्या दिव्यांची गाडी, आणि तो उजेड मिनिटंच्या मिनिटं डोळ्यांत. त्यासाठी आरशाखाली छोटी कळ असते. अनेकांना ती ठाऊक असते, पण ती काय करते हे फारसं कुणी पाहिलेलं नसतं.

आरशातली ती काच सपाट तावासारखी नसते. ती पाचरीसारखी असते, एका कडेला जाड, दुसरीला बारीक. पारा चढवलेली बाजू पाठीमागे असते आणि एरवी आपण तिच्यातलं प्रतिबिंब बघतो. तिथून बहुतेक सगळा उजेड परततो. पण काचेचा पुढचा, साधा पृष्ठभागही थोडा उजेड परतवतो, सुमारे ४ टक्के. खिडकीच्या काचेत रात्री आपला चेहरा दिसतो तो यामुळेच. पाचरीमुळे ही दोन प्रतिबिंबं थोड्या वेगळ्या कोनांत निघतात. कळ ढकलली की आरसा किंचित कलतो, पाऱ्याचं झगझगीत प्रतिबिंब छताकडे जातं आणि डोळ्यांपुढे पुढच्या पृष्ठभागाचं ४ टक्के उरतं. मागची गाडी दिसते, तिचे दिवे दिसतात, पण डोळे दिपत नाहीत. ना तार, ना सेल. एका तिरक्या घासलेल्या काचेवर हे सगळं होतं. गाडीतल्या कुठल्याही पडद्यापेक्षा ही युक्ती मला देखणी वाटते.

आरसा फुटला आणि बदलायची वेळ आली, की हीच काच हातची जाते. स्वस्तातल्या नगात कधी सपाट काच घातलेली असते. कळ असली तरी ती नुसता आरसा हलवते, काळोखात दिसत काहीच नाही. घेताना दुकानातच परीक्षा करता येते. आरशात ट्यूबलाइट धरायची आणि कळ ढकलायची. आरसा रात्रीच्या बाजूला गेल्यावर ट्यूबलाइटचं दुसरं, फिकट प्रतिबिंब नजरेसमोर आलं, तर काच पाचरीची. महागड्या गाड्यांत आपोआप काळवंडणारा आरसा असतो. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या जेन्टेक्स कंपनीने तो १९८७मध्ये बाजारात आणला. त्यात दोन काचांमध्ये विजेने रंग बदलणारा थर असतो, आणि पुढचा काळोख व मागचा झोत मोजणारे दोन डोळे. तो फुटला तर आतलं द्रव्य गाडीच्या प्लास्टिकवर आणि हातावर येऊ देऊ नये. बदलायला काही हजार लागतात आणि तारांची जोडणी तीच असावी लागते.

टॅक्सीवाले आणि ड्रायव्हिंग स्कूलवाले मूळ आरशावर एक लांबलचक बाकदार आरसा चिमट्याने अडकवतात. त्यात मागची सीट, दोन्ही खिडक्या, सगळं दिसतं. पण बाकदार आरशात गाड्या लहान दिसतात, म्हणून लांब वाटतात. आतला आरसा बाकदार नसतो तो मागची गाडी खरोखर किती लांब आहे हे कळावं म्हणून. शिवाय हे जादा वजन त्याच बटणावर येतं. मण्यांच्या माळा, लिंबू-मिरची, अत्तराची बाटली, मुलाचा पहिला बूट यांचं ओझंही तिथेच. श्रद्धेची वस्तू डॅशबोर्डवर ठेवता येते. आरशाला लटकलेली वस्तू गाडीबरोबर झुलते, बटणाला सतत ओढते आणि डावीकडून येणाऱ्या पादचाऱ्याला नेमकं झाकते.

आरसा कुठे बसावा हेही त्यासाठीच. डावा कोपरा आरशामागे दडता कामा नये. आणि मागचं किती दिसलं पाहिजे, त्याचा हिशेब त्याच ४६ क्रमांकाच्या नियमात आहे. चालकाच्या डोळ्यांपासून ६० मीटर मागे २० मीटर रुंदीचा सपाट रस्ता दिसला पाहिजे, आणि तिथून पुढे क्षितिजापर्यंत. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५वा नियम मागून येणारी वाहनं स्पष्ट दिसावीत असं सांगतो. मागची काच सामानाने गच्च भरली असेल, तर उत्तम आरसाही त्यापुढे हात टेकतो.

अलीकडे भाऊंकडे अशा गाड्या येतात, ज्यांच्या आरशामागे जाडजूड काळी डबी असते. तिच्यात पाऊस ओळखणारा सेन्सर असतो, कधी रस्त्यावरचे पट्टे आणि पुढची गाडी बघणारा कॅमेराही. तो कॅमेरा केसभर कलला तरी गाडीचा अंदाज चुकतो, आणि काच बदलली की त्याची नजर यंत्रावर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ते यंत्र भाऊंकडे नाही. आरसा नुसता सैल झालेला असेल आणि डबी वेगळी असेल, तर ते हात घालतात. दोन्ही एकाच चौकटीत असतील, तर गाडी शोरूमला पाठवतात, पैसे बुडाले तरी.

अमरावतीला निघालेल्या बाई रात्री गेल्याच नाहीत. सकाळी साडेआठला आल्या. भाऊंनी आरसा चढवला, पण त्याचा कोन लावला नाही. बाईंना सीटवर बसायला लावलं, सीट नेहमीसारखी पुढे घ्यायला सांगितली, पट्टा लावून घेतला. मग आरशाची चौकट धरून, काचेला बोट न लावता, त्यांनाच तो फिरवायला सांगितला. मागची पूर्ण काच चौकटीत आली, डोकं न हलवता. भाऊ मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि दिसतो का म्हणून विचारलं. मग शेजारच्या पोराला दुचाकीवरून टपरीपर्यंत पाठवलं आणि तिथून सावकाश परत यायला लावलं. तो आरशातून कधी निघतो आणि उजव्या बाजूच्या आरशात कधी शिरतो, हे बाईंनी दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी बाजूचा आरसा जरा बाहेर केला आणि पैसे किती ते विचारलं.